गॅरडांच्या घराची किल्ली

मित्रांनो, या दालनात शिरलात की आधी तुमचं लक्ष त्या मेणाच्या चेहऱ्याकडे जाईल. सगळ्यांचंच जातं. त्याच्या शेजारी दोराचा एक तुकडा आहे, तो बघायला तर रांग लागते. दोराच्या खाली, विटक्या मखमलीवर, एक जुनी काळी लोखंडी किल्ली पडलेली दिसेल. ती मी. माझ्या पुढ्यातल्या कार्डावर लिहिलं आहे, 'विष घालणारी ड्रूसिला पिम हिची किल्ली'.

हे साफ खोटं आहे. मी तिची कधीच नव्हते. तिच्या हातात मी एकदाच गेले, तेही जेमतेम पाव घटका. पण त्या पाव घटकेने माझं बाकीचं सगळं आयुष्य गिळून टाकलं. म्हणून आज मीच माझी हकीकत सांगते. मी लोखंडाची आहे, मला रडता येत नाही, त्यामुळे सांगताना अडखळायची भीती नाही.

माझा जन्म विलायतेत, सफोक परगण्यातल्या एल्मस्टो गावी, जेबेझ रड लोहाराच्या भट्टीत झाला. अमोस गॅरड हा त्याचा शेजारी आणि मित्र. अमोसचं लग्न ठरलं, त्याने गल्लीपलीकडे छोटं घर बांधलं आणि दाराला कुलूप हवं म्हणून तो भट्टीत येऊन बसला. जेबेझने मला तापवलं, ठोकलं, माझे दात पुन्हापुन्हा कानशीने घासले.

"घे. तुझ्या नातवंडांनाही पुरेल," तो म्हणाला.

"आधी बायकोला पुरू दे," अमोस म्हणाला. दोघं खो खो हसले. माझ्या कानावर पडलेले ते पहिले शब्द.

दार उघडणं आणि लावणं हे माझं रोजचं काम. पण माझं मानाचं काम वेगळं होतं. अमोसच्या परसात, कुंपणालगत, एका लांब फळीवर गव्हाच्या काडाच्या पालथ्या टोपल्या होत्या, आणि त्यांत मधमाश्या राहत. एल्मस्टोत घरात काही बरंवाईट झालं की ते माश्यांना सांगावं लागतं. घराची किल्ली घ्यायची, फळीवर तीनदा ठोकायचं आणि हळू आवाजात, नाव घेऊन सांगायचं. कोणी गेलं असेल तर टोपल्यांना काळं फडकं बांधायचं आणि आता मालक कोण तेही सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या रुसतात, घर सोडून जातात. किल्ली त्याच घराची हवी, शेजाऱ्याची चालत नाही.

लेटिस जन्मली तेव्हा अमोसने आनंदाच्या भरात मला फळीवर इतक्या जोरात आपटलं की माझ्या मुठीचा एक टवका उडाला. तो टवका अजून तसाच आहे, नीट बघितलंत तर दिसेल. पुढे एनॉक जन्मला. मुलं मोठी झाली. मग अमोसची बायको मर्सी गेली. नंतरच्या वर्षी एनॉक गेला, चांगला हातापायाने धडधाकट मुलगा. दोन्ही वेळा लेटिस मला घेऊन परसात गेली. पहिल्या वेळी तिचा हात थरथरत होता. दुसऱ्या वेळी थरथरत नव्हता. तिने तीनदा ठोकलं, "एनॉक गेला," म्हणाली आणि परत येऊन भांडी घासायला बसली.

दोन्ही आजारपणांत उशाशी पिमबाई होती.

ड्रूसिला पिम ही विधवा, गोल चेहऱ्याची, स्वच्छ पांढरा एप्रन लावणारी. तिच्या अंगाला लव्हेंडरचा वास येई. गावात कोणी अंथरूण धरलं की लोक म्हणत, पिमबाईला बोलवा. ती यायची, बाह्या वर करायची, रात्री जागायची, घाण उपसायची. जवाची पेज शिजवून, त्यात मध घालून चमच्याने भरवायची. माणूस गेलं तर त्याला धुवायची, घड्याळ बंद करायची, आरसा झाकायची. घरच्यांना काही म्हणजे काही करावं लागायचं नाही. "बाईच्या हाताला यश नाही, पण माया आहे हो," असं सगळे म्हणत. आजाऱ्याजवळ बसण्यातून सुटका झाली की माणसाला अशी वाक्यं छान सुचतात. एनॉक गेला तेव्हा लेटिसने तिला घरच्या मधाचा एक घट दिला होता. तो मध मग कोणाकोणाच्या पेजेत गेला, ते पुढे येईलच.

राणी नुकतीच गादीवर आली होती, तेव्हाचा तो जून महिना. अमोसला पोटात कळ येऊन उलट्या सुरू झाल्या. घराला घर लागून पिमबाई राहायची, ती आपण होऊनच आली. लेटिसने तिला आत घेतलं. का नाही घेणार?

त्या दिवशी सकाळपासून हवा तापलेली होती. मधल्या टोपलीतल्या माश्या बाहेर येऊन तोंडाशी झुबक्याने लोंबत होत्या आणि त्यांचा आवाज घरात ऐकू येत होता. मोहोळ उठायच्या बेतात होतं. पिमबाई खिडकीतून सारखी तिकडे बघत होती. तिचा त्या मोहोळावर डोळा होता, हे मला मागाहून समजलं. अमोस गेल्यावर लेटिस एक टोपली आपल्याला देईल, असं तिने धरून ठेवलं होतं.

"लेटिस, जरा वरच्या आळीतून दूध आण जा," ती म्हणाली. "सावकाश ये. मी आहे ना इथे."

लेटिस गेली. पिमबाईने वर जाऊन अमोसला पेज पाजली आणि खाली आली. तिने पुन्हा खिडकीतून पाहिलं. माश्यांचा झुबका आणखी लांब झाला होता. मग तिने दाराआडच्या खिळ्यावरून मला काढलं, कपाटातून काळं फडकं घेतलं आणि परसात गेली.

मित्रांनो, तिचा हात अजिबात थरथरत नव्हता. तिने फळीवर तीनदा ठोकलं आणि अंगाई म्हणावी तशा आवाजात म्हणाली, "बाळांनो, मालक गेले. अमोस गॅरड गेले. आता मालकीण लेटिस. उठू नका गं, कुठे जाऊ नका."

मी नेहमीसारखीच वाजले. मला काय माहीत! मी खाली खिळ्यावर, माणूस वरच्या खोलीत. मला वाटलं, गेला अमोस.

कुंपणापलीकडे दुधाचं रिकामं भांडं हातात घेऊन लेटिस उभी होती. वरच्या आळीतल्या गाईने लाथ मारून दूध सांडलं होतं, म्हणून ती लवकर परतली होती. तिने सगळं ऐकलं. ती रडली नाही, ओरडली नाही. वडिलांचे डोळे मिटायला म्हणून ती पुढच्या दाराने जिना चढली.

हे सगळं पुढे तिने कोर्टात सांगितलं, आणि तेव्हा मी तिथे टेबलावर होते. खोलीत गेल्यावर तिने वडिलांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ घामाने भिजलेलं आणि गरम होतं. अमोसने डोळे उघडले.

"दूध मिळालं का गं?" त्याने विचारलं.

लेटिस किती वेळ तशीच उभी होती, तिला सांगता आलं नाही. वकिलाने दोनदा विचारलं, तरी सांगता आलं नाही.

ती खाली आली तेव्हा पिमबाई मागच्या दाराने आत येत होती. एका हातात मी, दुसऱ्या हातात उरलेलं काळं फडकं. लेटिसच्या हातात पेजेचा वाडगा होता, तळाशी अजून थोडी पेज होती.

"बाबा जिवंत आहेत," लेटिस म्हणाली.

"हो गं, आहेत की," पिमबाई म्हणाली.

"मग माश्यांना काय सांगून आलात?"

पिमबाईने क्षणभर डोळे बारीक केले. मग गरीब पोरीला समजवावं तसं म्हणाली, "अगं, दुपारपर्यंतचाच प्रश्न. मोहोळ उठायला आलं होतं. मालक गेल्यावर बिनसांगितलेलं उठलं असतं, तर हातचं गेलं असतं. एवढं चांगलं मोहोळ वाया घालवायचं का?"

"तुम्हाला कसं कळलं दुपारपर्यंत म्हणून?"

"कळतं गं मला. थोड्यांना का पोचवलंय मी?"

लेटिसने वाडगा पुढे केला. "उरलीय. तुम्ही प्या."

पिमबाईने एप्रनवरची सुरकुती सरळ केली. "मला जवाची पेज पचत नाही," ती म्हणाली.

मला त्या बाईचं एक कोडं कधीच सुटलं नाही. तिला देवाची भीती नव्हती, फौजदाराची नव्हती, माणसाच्या जिवाची तर नव्हतीच. पण माश्यांशी खेळ करायची तिची छाती नव्हती. अमोस मेल्यावर सांगायला उशीर झाला तर माश्या रुसतील, एवढीच तिची काळजी. या एका धास्तीने तिची सगळी सावधगिरी पाण्यात गेली.

"किल्ली द्या," लेटिस म्हणाली.

आणि तिने मला दिलं. निमूटपणे दिलं. आता मालकीण लेटिस, असं ती स्वतःच बाहेर सांगून आली होती ना.

लेटिसने मागचं दार अडसर घालून लावलं, पुढचं माझ्याने आतून बंद केलं, मला मुठीत धरलं आणि खिडकीतून भट्टीकडे हाक मारली. पिमबाई पळाली नाही, भांडली नाही. ती स्वयंपाकघरातल्या बाकावर बसली आणि टोपलीतल्या मटारच्या शेंगा सोलायला लागली. सोललेले दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला. कामात बाई चोख होती.

जेबेझ रड हातोडा घेऊनच आला. लोहारकी करता करता त्या वर्षी गावची शिपाईगिरीही त्याच्याकडे होती. आमच्याकडे ते काम आळीपाळीने येई आणि कोणालाच नको असे. लेटिसने सांगितलेलं ऐकून तो आधी हसला.

"अगं, माश्यांशी बोलली म्हणून मी बाईमाणसाला धरू? गाव मला भट्टीत घालेल."

"जेबेझकाका, बाबा जिवंत असताना बोलली."

"म्हातारपणी होतं असं. घाई होते."

बोलता बोलता तो थांबला. त्याची बायको मार्था आदल्या हिवाळ्यात गेली होती. तिच्या उशाशीही हीच होती. हातोडा त्याने हळूच जमिनीवर ठेवला.

"पिमबाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. "माझी मार्था गेली त्या दिवशी मी भट्टीतून जेवायला आलो, तेव्हा घड्याळ बंद होतं. मी म्हटलं, किल्ली द्यायची राहिली असेल. मग वर जाऊन मी तिच्याशी बोललोय. ती माझ्याशी बोललीय. घड्याळ आधीच बंद होतं."

"मटार कोवळे आहेत हो यंदा," पिमबाई म्हणाली.

मग जेबेझने तिचा दंड धरला.

पुढे डॉक्टरने वाडग्यातली पेज तपासायला नेली. तिच्यात सोमल निघाला, उंदरांसाठी आणतात तोच. चर्चमागची थडगी उकरली. मर्सीच्या पोटात सोमल, एनॉकच्या पोटात सोमल, मार्थाच्याही. आणखी कोणाकोणाच्या. गावाने मोजणं मध्येच सोडून दिलं, कारण पुढचं थडगं आपल्याच घरचं निघेल अशी प्रत्येकाला धास्ती वाटू लागली. आणि प्रत्येकाला हेही आठवू लागलं की आपण त्या बाईचे आभार मानले होते.

अमोस वाचला. पण त्याच्या हातापायांतली जाणीव गेली ती गेलीच. दोन काठ्यांवर तो चालू लागला. पाय कुठे पडतोय ते खाली बघून ठरवायचा. मी तेव्हा जेबेझच्या ताब्यात होते. खटल्यात लागणार म्हणून त्याने माझ्या गळ्यात सुतळी बांधून मला भट्टीतल्या भिंतीवर टांगलं होतं. लेटिस दुसऱ्याच दिवशी मला मागायला आली होती. "माश्यांना खरं काय ते सांगायला हवं," ती म्हणाली. जेबेझ म्हणाला, "पोरी, आता ती किल्ली कायद्याची. हलवली तर मलाच आत घालतील." ती बोटांच्या पेरांनी फळीवर ठोकून सांगून आली. पण माझ्याशिवाय सांगितलेलं माश्या मानत नाहीत. मधलं मोहोळ तर पिमबाईला धरलं त्याच दिवशी उठून गेलं होतं. बाकीचीही उन्हाळा सरता सरता विरळ झाली.

एक दिवस अमोस काठ्या टेकत भट्टीत आला. दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसले.

"किल्ली बघू जरा," अमोस म्हणाला.

जेबेझने मला काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. अमोसने मूठ वळवली.

"आहे का रे हातात?" त्याने विचारलं. "मला काही लागत नाही."

"आहे की. घट्ट धरलीयस."

"माश्यांच्या लेखी मी गेलेलोच," अमोस म्हणाला. "घरच्या मधावर आता माझा हक्क नाही म्हणायचा."

जेबेझ हसायला गेला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. आयुष्यभर मी त्या हातात वावरले होते आणि त्या हाताला मी कळत नव्हते. तेव्हा मला वाईट वाटलं, मित्रांनो. फार वाटलं. त्यानंतर मात्र कशाचंच काही वाटेनासं झालं. त्याची बोटं बधिर झाली तशीच मीही झाले असेन.

खटला मोठ्या गावी चालला. वकिलाने मला उंच धरून दाखवलं आणि सगळं कोर्ट मधमाश्यांच्या गोष्टीला हसलं. लेटिस हसली नाही. तिला विचारलं तेवढंच तिने सांगितलं, एका पट्टीत, समोरच्या भिंतीकडे बघत. पिमबाईला फाशी झाली. ती बघायला लोक पहाटेपासून जागा धरून बसले होते आणि मटणाचे पाव खात होते, असं मला कपाटात ठेवताना कारकून एकमेकांना सांगत होते. आपण हे सगळं का केलं, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी तर म्हणते, तिलाही ठाऊक नसावं.

मला परत न्यायला लेटिस आली होती म्हणे. "खटल्यातली वस्तू परत मिळत नाही," असं तिला सांगण्यात आलं. मी बरीच वर्षं त्या कपाटात अंधारात पडून होते. मग कोणीतरी हे संग्रहालय काढलं आणि मी काचेत आले.

इथे आल्यावर मला समजलं की पिमबाई मेलेलीच नाही. रस्त्यावर तिच्यावर रचलेली छापील गाणी विकली जातात. पोरं जेवत नसली की आया म्हणतात, "गिळ मुकाट्याने, नाहीतर पिमबाई पेज घेऊन येईल." चहा पातळ झाला तरी नवरे म्हणतात, "काय गं, पिमकडे शिकलीस का?" तिचा मेणाचा चेहरा बनवला, तोही असा सुंदर की बघणारा हळहळावा. लोक एल्मस्टोला जाऊन गॅरडांच्या कुंपणाच्या काटक्या मोडून आणतात, आठवण म्हणून. काचेपाशी येऊन सगळे एकच विचारतात, "किती मारले हिने?" कोण मेलं, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. मर्सीला शिंक आली की ती आधी हातातलं खाली ठेवायची. एनॉक जिन्याची शेवटची पायरी नेहमी उडी मारून टाळायचा. हे कुठल्या कार्डावर लिहिलेलं नाही.

तरी एक गोष्ट मला आतून खात राही. अमोस जिवंत असताना तो गेला असं मी माश्यांना सांगितलं होतं. माझ्या तोंडून सांगितलेली ती एकच खोटी खबर, आणि ती कोणी माझ्याकडून पुसून घेतली नव्हती. तो खरंच गेला की आहे, गेला तर कधी गेला, मला ठाऊक नव्हतं. काचेआड कोण सांगणार?

मग एका सुट्टीच्या दिवशी, गर्दीतून, पांढऱ्या केसांची एक बाई पुढे आली. अंगावर साधं काळं कापड, पायांत चिखलाचे बूट. तिने मेणाच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोराकडेही नाही. ती सरळ वाकली आणि माझ्या मुठीवरचा टवका शोधला. लेटिसच होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एनॉकच्या वेळी होता तसाच तो कोरडा चेहरा, फक्त म्हातारा झालेला.

तिने बोटांच्या पेरांनी काचेवर तीनदा ठोकलं.

"अमोस गॅरड गेले," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला नेलं त्यानंतर चौथ्या हिवाळ्यात. मी जवळ होते. पेज मीच केली होती, मीच भरवली. आता मालकीण मी."

"ओ आजी!" पहारेकरी ओरडला. "काचेला हात नाही लावायचा!"

"झालं माझं," लेटिस म्हणाली. पण ती लगेच हलली नाही. तिचा खालचा ओठ कापायला लागला, मग हनुवटी, आणि ती म्हातारी बाई तिथे, त्या सगळ्या हौशी लोकांच्या मध्ये उभी राहून ओक्साबोक्शी रडली. पहारेकऱ्याला वाटलं, मेणाच्या चेहऱ्याला भ्यायली. त्याने तिला पाणी आणून दिलं.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. मला घासूनपुसून लख्ख करा असं मी म्हणत नाही. गंज माझा मला पुरे. पण तुमच्या घरात कोणी अंथरुणावर पडलं, तर त्याच्या उशाशी स्वतः बसा. घाण असते, वास येतो, रात्र सरत नाही, तरी बसा. ते काम गोड बोलणाऱ्या परक्या हातावर टाकून मोकळे होऊ नका. आणि कधी या काचेपाशी आलात, तर ते कार्ड वाचू नका. मनातल्या मनात फक्त म्हणा, ही अमोस गॅरडच्या घराची किल्ली.